मिस्त्रीचा खडू

जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाने आमच्या मिस्त्रीला फसवलं. त्याचा पैसा बुडवला नाही. त्याचं नाव त्याला न विचारता वापरलं आणि खराब करून परत दिलं. हे मी आधीच सांगून टाकते. पुढे मिस्त्रीचे किस्से सांगायला लागले की तुम्ही हसाल, हसता हसता मुद्दा विसराल, आणि तो मला विसरू द्यायचा नाही.

मिस्त्री रेडिएटरवाला. नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजारातून आत वळलं की एका चाळीच्या भिंतीला टेकून त्याची पत्र्याची शेड होती. गाडी आली की तो आधी बॉनेटवर हात ठेवायचा. पूर्ण तळहात टेकवून, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग हात काढून आपल्या स्टुलावर जाऊन बसायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, उघडा ना झाकण. तो म्हणायचा, "थंड होऊ दे." समोर रिक्षावाला असो नाहीतर नगरसेवकाचा माणूस, उत्तर तेवढंच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर बसवून ठेवलं त्याने मला. माझा धंदा पाण्याच्या जारांचा. लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आले, तेव्हा आमच्या चाळीत नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि दुकानदार प्यायला पाणी मागत फिरायचे. त्यावरून मला धंदा सुचला. आधी हातगाडी, मग जुना टेम्पो, आज तीन व्हॅन आहेत. सगळं घासाघीस करून उभं केलं. माझं डोकं लवकर तापतं हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला फायदाच झाला. पण त्या दिवशी काही चालेना. ऑफिसांचे जार खोळंबले होते. शेवटी मी म्हणाले, दुप्पट घ्या पण आत्ता बघा. जन्मात मी स्वतःहून भाव वाढवला तो तेवढ्या एका वेळी.

तो म्हणाला, "इंजनला सांग गो बाय. ते ऐकत असंल तर मी उघडतो."

इंजिन निवलं की मात्र त्याचं काम बघत राहावं असं होतं. रेडिएटर काठोकाठ भरायचा. सगळे पाईप, सगळे सांधे फडक्याने कोरडे करायचा. मग स्वतः बनवलेलं एक झाकण बसवायचा. जुन्याच झाकणाला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह डकवलेला होता. त्याला सायकलचा पंप लावून पाच-सात वेळा दाबायचा, थांबायचा, अंदाज घेऊन आणखी एक-दोनदा. मग पुन्हा स्टूल. हातात मोबाइल नाही, तोंडात विडी नाही. नुसता बघत बसायचा. मी काही बोलायला लागले की हात वर करायचा. "पानी गप बसत नाय," तो म्हणायचा. "दाब पडला की आपसूक बोलतं. आपन गप ऱ्हायचं."

तरीही काही सापडलं नाही तर गाडी ठेवून घ्यायचा आणि तिच्या नाकाखाली खोक्याचा पुठ्ठा उलगडून पसरायचा. सकाळी तो पुठ्ठा डॉक्टरने एक्स-रे धरावा तसा उजेडाकडे धरून वाचायचा. हिरवा डाग कूलंटचा, काळा तेलाचा. एकदा विरारचे एक गृहस्थ पुठ्ठ्यावरचा ओला डाग बघून रडायच्या बेताला आले होते. नवी गाडी, हप्ते चालू. मिस्त्रीने डागावर बोट फिरवलं, हुंगलं आणि म्हणाला, "एसीचं पानी हाय. तुम्हाला थंड हवा पायजे, तिला घाम येनार." त्या गृहस्थांकडून त्याने काही घेतलं नाही. मी असते तर डाग वाचण्याचे घेतले असते, असं मी त्याला सांगितलंसुद्धा.

आमच्याकडे लोक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. नळाचं पाणी माणसांना पुरत नाही, ते गाडीला कोण घालणार? आणि इथली बोअर खारी. त्यामुळे पाणी जिथून पाझरतं तिथे सुकल्यावर पांढरी रेघ उरते. ती दिसली की मिस्त्री नखाने खरवडून जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि थुंकायचा. "मीठ." मग कुठल्या बाजूच्या बोअरचं तेही सांगायचा. लोक हसायचे. मी एकदा मुद्दाम परीक्षा घेतली. पाणी भरलं होतं आमच्या चाळीमागच्या बोअरचं आणि सांगितलं, टँकरचं आहे. त्याने जीभ लावली, माझ्याकडे पाहिलं. "बाकी कशालापन फसंन," म्हणाला, "मिठाला नाय फसत."

कारण तो मिठागराच्या गावचा होता. खाडीच्या कडेला त्यांचं गाव. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, हाही वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत तिथेच. तिथे खेकडे बांधाला बिळं पाडतात. बीळ बोटाएवढं असतं, पण उधाणाची भरती आली की त्याच बिळातून अख्खा बांध जातो. म्हणून याचा बाप याला बांधावरून अनवाणी चालवायचा. डोळ्यांना बांध कोरडा दिसतो, पण जिथे आतून पाझर असतो तिथे तळपायाला गार लागतं. गळती शोधायला तो तिथे शिकला होता. गॅरेजात फक्त पाने चालवायला शिकला.

शहरात येऊन तीस वर्षं झाली तरी त्याने एक नेम सोडला नव्हता. अमावास्येला आणि पौर्णिमेला शेड बंद. त्या दिवशी उधाण, आणि उधाणाला तो गावी बांधावर. उन्हाळ्यात मिठागरात पाणी घ्यायला, पावसाळ्यात बांध सांभाळायला. भावाचं मिठागर होतं, याचा त्यात वाटाही नव्हता. मी विचारलं, तुम्हाला काय मिळतं त्यातून? तो म्हणाला, "उधाणाला घरात बसवत नाय." याला मी धंदा म्हणत नाही. पण शेड बंद दिसली की आम्हाला कॅलेंडर बघायची गरज पडायची नाही, एवढं खरं.

आता माझ्या व्हॅनची गोष्ट. एका व्हॅनचं पाणी रोज कमी व्हायचं. पुठ्ठा कोरडा, सांधे कोरडे. त्याच दिवसांत गाडीत पुढे पायाखाली ओल दिसायची. मी ड्रायव्हरवर घसरले. जार नीट बंद करत नाहीस, माझा माल सांडतोस, असं चार माणसांत बोलले. तो बिचारा शपथा घेत राहिला. मिस्त्रीने रबरी चटई उचलली, ओलीत बोट बुडवलं, माझ्या नाकापुढे धरलं. कूलंटचा गोडसर वास. हीटरचा पाईप आतल्या बाजूने पाझरत होता. पाण्याच्या गाडीत पाणी सांडलेलं, म्हणून कुणाला संशयच आला नाही.

"हे तुझ्या जारचं नाय," तो म्हणाला. "त्या पोराची माफी माग."

पोरगा कसला, ड्रायव्हर चाळिशीचा होता. मी म्हणाले, बघू, संध्याकाळी सांगते त्याला. मिस्त्री पाईप कापता कापता म्हणाला, "माफीचापन भाव करते काय?" मागितली मी. चार माणसांतच मागितली.

गाडी तपासून झाली आणि दाब धरून राहिली की तो बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर खडूने लिहायचा: सुकी. म्हणजे कुठे गळत नाही. आणि पुढे त्या दिवशीची तिथी. सुकी, पंचमी. सुकी, दशमी. तारीख का नाही लिहीत विचारलं तर म्हणायचा, तारीख बँकेला, भरतीच्या पान्याला तिथी. हा त्याचा स्वतःपुरता हिशोब होता. गाडी परत आली तर किती दिवस टिकली ते त्याला कळावं म्हणून. त्या खडूला बाजारात किंमत आणली ती मी. इथे मी स्वतःला सोडणार नाही.

झालं असं. दुसरी व्हॅन घ्यायची होती आणि हायवेकडे जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. गोड बोलणारा, प्रत्येकीला ताई म्हणणारा. व्हॅन चकचकीत होती. मी अट घातली, आधी मिस्त्रीला दाखवणार. दलाल स्वतः गाडी घेऊन आला. मिस्त्रीने हात ठेवला, बसला, गाडी निवली, झाकण काढलं आणि बोट बुडवून वर काढलं. बोट पिवळं. रेडिएटर गळत असला की ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकतात. ती भोकात जाऊन बसते आणि चार दिवस गळती थांबते. मिस्त्रीने ते बोट दलालाच्या तोंडासमोर धरलं.

"हळद लागली हाय. लगीन कोनाशी लावताय, हिच्याशी?"

शेडमध्ये जेवढी माणसं होती तेवढी हसली. दलालही हसला. मी मात्र हसले नाही, मी भाव पाडला. इतका पाडला की दलालाने हात जोडले. नवा रेडिएटर त्याच्याच खर्चाने बसवून घेतला, आणि मिस्त्रीने "सुकी" लिहिल्यावरच गाडी ताब्यात घेतली. वर दलालाला ऐकवलं, यापुढे तुझ्याकडची कुठलीही गाडी या खडूशिवाय कुणी घेणार नाही, मी घेऊ देणार नाही. आणि खरंच सगळ्यांना सांगत सुटले. दुकानात, बचत गटात, बँकेच्या रांगेत. दोन वर्षांत असं झालं की वसईपासून विरारपर्यंत जुनी गाडी घेणारा माणूस बॉनेट उघडून आधी खडू शोधायचा. खडू दिसला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे दलालाने बघितलं. मीच त्याला शिकवलं म्हणा ना.

मग एका दुपारी वसईच्या बाजूचे एक सर आले. निवृत्त शिक्षक, चर्चच्या कामात असणारे, बागायती घरातले. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. पंधरा दिवसांपूर्वी त्या दलालाकडून गाडी घेतली होती. कुटुंबाला घेऊन निघाले, हायवेवर इंजिन उकळलं, यांनी घाबरून गरम झाकण उघडलं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. मी जारांच्या पावत्या द्यायला शेडमध्ये आले होते. सरांनी डाव्या हाताने बॉनेट उघडलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "हे तुमचंच ना?"

आत खडूने लिहिलं होतं: सुकी, अमावास्या.

मला एका क्षणात कळलं. मिस्त्रीला तर त्याआधीच कळलं असणार. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे कॅलेंडर बघून त्या दिवशीची बरोबर तिथी टाकली होती आणि तिथेच तो फसला होता. त्या दिवशी मिस्त्री शेडमध्ये नव्हताच, गावी बांधावर उभा होता. मी तोंड उघडलं तर मिस्त्रीने माझ्याकडे न बघता हात वर केला, पाणी बोलायची वाट बघताना करायचा तसा. सरांना म्हणाला, गाडी दोन दिवस ठेवा. सर म्हणाले, "ठेवतो. पण खडू तुमचा, भरवसा आमचा आणि हात माझा." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. तुमचं अक्षर नाही, तुमची तिथी नाही, सांगितलं का नाहीत?

"हात भाजलेल्या मानसाला काय सांगू? माझं नाय म्हनून?" तो म्हणाला. "आधी गाडी तर बगू दे."

गाडीत हळदच निघाली. रेडिएटरच्या तळाला नख अडकेल एवढी चीर. त्याने हळद काढून चिरीला कथलाचा डाग देऊन ती बुजवली, दाब देऊन पाहिलं, पुठ्ठा घातला, सगळं नेहमीसारखं केलं. सरांकडून छदाम घेतला नाही. शेवटी खडू हातात घेतला आणि पुन्हा डब्यात टाकला. त्या गाडीवर त्याने काही लिहिलं नाही.

मी त्याला ओढूनच दलालाकडे नेलं. यायला तयार नव्हता. दलालाने चहा मागवला. मी अमावास्येचं सांगितलं, सरांच्या हाताचं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग मला वगळून मिस्त्रीलाच म्हणाला, कशाला त्रास घेता, महिन्याचं काहीतरी ठरवू, तुम्ही फक्त येऊन लिहून जात जा, तपासायला आमची माणसं आहेत. मिस्त्रीने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "माझं अक्षर तू लिवायचं नाय."

दलाल हसला. "चाचा, खडू काय तुमच्या बापाचा आहे? कुठल्याही दुकानात मिळतो."

मी आयुष्यभर बोलण्यावर जगले. कुठल्या माणसाला कुठे टोचायचं, कुठे सोडायचं, मला कळतं.  तिथे मात्र मी नुसता टेबलावर हात आपटला, चहा सांडला, आवाज केला. दलालाच्या माणसाने फडकं आणून टेबल पुसलं. मिस्त्री केव्हाच बाहेर जाऊन उभा राहिला होता.

दरम्यान सरांनी त्यांच्या लोकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की तुळिंजच्या त्या रेडिएटरवाल्याच्या खडूवर जाऊ नका. भाजलेल्या हाताचा फोटो सोबत. ते एका ग्रुपवरून दहा ग्रुपवर गेलं. मी सरांच्या घरी गेले, अंगणात बसून अमावास्येचा सगळा खुलासा केला. सर सरळ माणूस. ऐकलं आणि माझ्यासमोरच फोन काढून चूक झाल्याचं लिहिलं. पण भाजलेला हात लोक पुढे पाठवतात, चूक झाल्याचं कोण पाठवतं?

शेडमध्ये गाड्या यायच्या कमी झाल्या. ज्या यायच्या त्यांना खडू हवा असायचा, आणि खडू त्याने कायमचा बंद केला होता. मी भांडले. तिथीबरोबर सही करा म्हटलं, शिक्का बनवून देते म्हटलं, मोबाइलवर फोटो काढून ठेवू म्हटलं. तो म्हणायचा, ज्याला खोटं लिवायचं त्याला शिक्कापन मिळतो. गळती शोधून द्यायचा, नीट करून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने विचारलं, सुकी ना, की म्हणायचा, "चालवून बग." पूर्वी तो असं कधी बोलत नसे. पूर्वी त्याचा शब्द पुरायचा.

मग अमावास्या-पौर्णिमेला जोडून आणखी दोन-दोन दिवस शेड बंद राहायला लागली. एका पावसाळ्यानंतर ती उघडलीच नाही. दिवाळीनंतर मी त्याच्या गावी गेले. त्याच्या भावाने सांगितलं, त्याला जाऊन पंधरा दिवस झाले. आजार विशेष काही नव्हता. सकाळी बांधावर गेला होता, परत येऊन पडवीत बसला, तो बसलेलाच राहिला. घरात त्याचा पंप होता, ते भोक पाडलेलं झाकण होतं. भाऊ म्हणाला, हवं तर ने. मी नाही आणलं. मला ते चालवता येत नाही आणि शोभेला ठेवायची ती वस्तू नव्हे.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी रडून गप्प बसले असते. पण मागच्या महिन्यात माझ्या ड्रायव्हरला स्वतःची गाडी घ्यायची होती. मी त्याच्याबरोबर मुद्दाम त्याच दलालाकडे गेले. दुकान आता मोठं झालंय, काचेचं केबिन आहे. एक पांढरी गाडी दाखवली. मी स्वतः बॉनेट उघडलं. आत खडूने लिहिलेलं, ताजं: सुकी, षष्ठी. मिस्त्री जाऊन चार महिने झाले होते.

मी दलालाला हाक मारली. तो बाहेर आला नाही, माणूस पाठवला. माणूस म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, गाडी गॅरंटीची आहे, जुन्या मिस्त्रीने तपासलेली आहे.

तर आता हे मी लिहून ठेवते आहे, तुमच्यासारख्या चार डोळस माणसांसमोर. पोलिसात गेले तर ते विचारतील, खडूवर कुणाचं नाव होतं का. नव्हतं. ग्राहक मंचात गेले तर विचारतील, तुमचं काय नुकसान झालं. माझं काहीच नाही झालं, माझ्या तिन्ही व्हॅन मिस्त्रीच्या हातच्या आहेत आणि पाण्याचा थेंब सोडत नाहीत. मला भरपाई नको. आणि दलाला, माझ्याशी भावही करू नकोस, तू काहीही देऊ केलंस तरी मी घेणार नाही. तू काचेच्या केबिनमधून खाली उतर, सरांना बोलाव, माझ्या ड्रायव्हरला बोलाव, तुझ्याकडून गाडी घेतलेल्या प्रत्येकाला बोलाव, आणि त्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून सगळ्यांसमोर सांग, चार महिने आधीच मेलेला माणूस त्या षष्ठीला तुझ्या दुकानात येऊन ही गाडी कशी तपासून गेला.